वीस बाय दहाचं सुवर्णपदक

माझी बहीण जोॲन राज्य स्पर्धेत शंभर मीटरला पहिली आली. सुवर्णपदक. एरंगळच्या बस स्टॉपवर वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर तसं छापलेलं होतं. वर तिचा फोटो, खाली शुभेच्छुक, आणि एवढ्या मोठ्या अक्षरात कोणी खोटं छापत नाही.

आता हे झालंच नाही असं समजून पुढे वाचा. आमच्या घरी सगळे तसंच समजतात. सुरुवातीला जड जातं, मग सवय होते.

मी मर्विन. मालाडला हर्षदभाईच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करतो. आमच्या धंद्यात निकाल लागायच्या आधी अभिनंदन छापतात. निवडणुकीच्या आदल्या दिवशी आम्ही दोन्ही उमेदवारांना विजयी करतो, कारण निकालाच्या संध्याकाळी सगळ्यांना एकाच तासात फ्लेक्स हवा असतो आणि मशीन एकच आहे. एकदा एका आजोबांना आम्ही दोन दिवस आधीच भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. ते बरे झाले. नातू फ्लेक्स घेऊन परत आला आणि याचाच अमृतमहोत्सव करून मिळेल का, म्हणाला.

जो पडतो त्याचा फ्लेक्स मी घरी नेतो. घरी म्हणजे आईच्या खळ्यात, मासळी सुकवायच्या अंगणात. छापलेली बाजू खाली, पांढरी बाजू वर, आणि तिच्यावर जवळा, बारीक कोळंबी, वाळायला पसरायचा. आमच्या खळ्यात तीन पडलेले उमेदवार, एक रद्द झालेली दहीहंडी आणि ते बरे झालेले आजोबा पालथे झोपलेले असतात. त्यांच्या पाठीवर जवळा दोन दिवसांत कडक वाळतो.

माझी आई लूर्डस. तिचं सगळं अंग उन्हाने भाजलंय, पण पायाचे तळवे पांढरेफटक, कारण ते कायम ओले असतात. डॅडी लॉरेन्स दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. बोट लागली की आई आणि जोॲन पाट्या घेऊन किनाऱ्यावर जातात. ओला जवळा वजनाला वाईट. पाटीतून खारं पाणी गळत राहतं, कानामागून मानेवर, मानेवरून पाठीत, आणि संध्याकाळपर्यंत कातडी ताणल्यासारखी होते. शिवाय जवळा थांबत नाही. तासाभरात उन्हात पसरला नाही तर मऊ पडतो, मग त्याला कोणी माणूस घेत नाही, कोंबड्यांच्या खाद्याला जातो. म्हणून जोॲन लहानपणापासून पाटी डोक्यावर घेऊन पळायची. वाळूत, चढावर, अनवाणी.

मालाडच्या शाळेतल्या नंदकिशोर सरांनी तिला सातवीत पहिल्यांदा पळताना पाहिलं आणि शिट्टी तोंडात धरून वाजवायची विसरले. नंतर ते घरी आले. खळ्याच्या कडेला बूट सांभाळत उभे राहिले आणि आईला म्हणाले, "ताई, हिचं डोकं हलत नाही. पोरं वर्षानुवर्षं शिकतात. हिला कोणी शिकवलं?"

आई म्हणाली, "डोकं हललं तर जवळा सांडेल ना."

सरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग ती तालुक्याला पळाली, जिल्ह्याला पळाली, उपनगरात दोन वर्षं तिच्या पुढे कोणी गेलं नाही. पहाटेची पाटी, मग बस, मग मैदान, मग कॉलेज, मग परत येऊन जवळा उलटायचा. तेरा सेकंदांवरून बारा पॉइंट चार, मग बारा पॉइंट एक. घरात त्या आकड्यांचा अर्थ कोणाला कळत नव्हता. आईला एवढंच कळायचं की आकडा कमी झाला की पोरगी जास्त खाते.

याच काळात घरात रोशेल आली.

रोशेल पिनॉक, जमैकाची. जोॲनला ती मोबाईलवर सापडली. तिकडे शाळांच्या स्पर्धा असतात, बघायला हजारो माणसं येतात, बाया डोक्याला रुमाल बांधून ओरडतात. त्यात एक सतरा वर्षांची काळीसावळी पोरगी फिनिशला छाती पुढे टाकून, दोन्ही हात मागे फेकून, तोंड उघडं ठेवून पहिली येते. तो फोटो जोॲनने मोबाईलच्या पडद्यावर लावला. पुढे तिच्या प्रत्येक शर्यतीची बातमी खळ्यात यायची. दोघी उकिडव्या बसून जवळ्यातले खेकडे, बारीक मासे निवडत असायच्या.

"मम्मी, आज रोशेलने अकरा पॉइंट एक काढले."

"कोण गो रोशेल? मनोरीची का?"

"जमैकाची."

"नाव तर आपल्यातलं दिसतं." आईने एक खेकडा उचलून बाजूला टाकला. "आई काय करते तिची?"

"बाजारात मासे विकते."

आईचा हात थांबला. "सुके का ओले?"

जोॲनला माहीत नव्हतं. तिने दोन दिवस शोधलं. इंग्रजीत एक मुलाखत मिळाली, ती दोनदा ऐकली. मग सांगितलं, "दोन्ही."

तेव्हापासून रोशेलच्या आईची आमच्या घरात रोज चौकशी व्हायची. रोशेल कॉलेजात गेली, रोशेलला बुटाच्या कंपनीने घेतलं, रोशेलचा पाय दुखावला, रोशेल परत उभी राहिली, रोशेलने अकराच्या खाली काढले. आई प्रत्येक वेळी विचारायची, "मग आता आई बसते का बाजारात, का सोडलं?" बसत होती. आईला ते फार आवडलं. डॅडी पंधरा दिवसांतून एकदा बोलायचे, ते एकदा म्हणाले, "तिकडे जवळा येतो का?" कोणालाच माहीत नव्हतं. 

मी जोॲनची शर्यत एकदाच पाहायला गेलो. दोन वर्षांपूर्वी, अंधेरीला. पाहायला गेलो असं म्हणणंही बरोबर नाही. मैदानाला लावायच्या फ्लेक्सची ऑर्डर आमची होती, मी माप घ्यायला गेलो होतो. पायऱ्यांवर बसलो. जोॲन शर्यतीआधी माझ्या शेजारी आली, बॅग ठेवली, तिच्यातून स्पाइक्सचे बूट काढले. ती बॅग घरात सुक्या जवळ्याच्या पोत्यावरच असते. मागे तीन पोरी बसल्या होत्या, गोऱ्या, केसांना एकसारखे बँड.

एक म्हणाली, "यार, कुछ मर गया क्या इधर?"

दुसरी म्हणाली, "सुकी मच्छी है. किसका बॅग है ये?"

मी उठलो. तीन जागा सोडून पलीकडे बसलो आणि मोजपट्टी काढली, जणू मी मोजपट्टीबरोबरच आलो होतो. एका पोरीने विचारलं, "भैया, ये आपका बॅग है?" मी म्हणालो, "नहीं, मैं बॅनरवाला हूँ."

जोॲन बुटाची नाडी बांधत होती. तिने वर पाहिलं नाही. बॅग उचलली, खाली गेली. मी बाहेर जाऊन कुंपणाची लांबी मोजली. ती आधीच मोजलेली होती. आत ओरडा झाला. जोॲन पहिली आली होती.

घरी ती याबद्दल कधी बोलली नाही. मीही नाही. आम्ही दोघांनी ती गोष्ट जवळ्याखाली पालथी घातली.

या वर्षी ऑक्टोबर संपला तरी पाऊस जाईना. जवळा भरपूर लागला आणि आभाळ रोज दुपारी काळं व्हायचं. पसरायचं, गोळा करायचं, झाकायचं, परत पसरायचं. दोन वेळा सगळा माल भिजून गुलाबीचा करडा झाला आणि टेम्पोवाला नाक धरून घेऊन गेला. आईची पाठ धरली. ती वाकली की तशीच थोडा वेळ वाकून राहायची, आणि आम्हाला वाटायचं काहीतरी निवडतेय.

त्यात जोॲनची राज्य स्पर्धा आली. या वेळी मुंबईतच होती. नंदकिशोर सर येऊन सगळं नीट सांगून गेले. पहिल्या दोघींना राष्ट्रीय शिबिर. तिथे होस्टेल, जेवण, सगळं. "तिथे गेली की हिच्या डोक्यावरची पाटी सुटली," सर म्हणाले. आई म्हणाली, "मग डोकं हलायला लागलं तर?" सर हसले. आई हसली नाही, ती खरंच विचारत होती.

जोॲन तेव्हा अकरा पॉइंट नव्वदला होती. तिच्याइतकं दुसरं कोणी पळत नव्हतं. हे मला सर म्हणाले, आणि मी ते दत्ताराम काकांना सांगितलं. माझी चूक इथून सुरू होते.

दत्ताराम काका पक्षाचं काम करतात. कोणतं, ते पक्ष बदलला की बदलतं. त्यांनी बस स्टॉपवरच माझ्या खांद्यावर हात टाकला.

"मर्विन, फ्लेक्स पाहिजे. वीस बाय दहा. सुवर्णकन्या."

"काका, शर्यत रविवारी आहे."

"मग? रविवारी तुझं दुकान उघडं असतं का?"

नव्हतं. धंद्याच्या हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. शनिवारी मी मशीनसमोर बसलो. जोॲनचा चेहरा आधार कार्डासाठी काढलेल्या फोटोतून घेतला. पण धावतानाचा फोटो माझ्याकडे नव्हता. एकही नव्हता. घरी एवढे कप आहेत आणि एक फोटो नाही. ज्या दिवशी काढता आला असता त्या दिवशी मी कुंपण मोजत होतो.

तर मी रोशेल पिनॉकचा फोटो घेतला. जोॲनच्याच मोबाईलवरून, ती पाटी घेऊन गेली होती तेव्हा. फिनिशचा तो, हात मागे फेकलेला. मान कापली, जोॲनचं डोकं बसवलं. छातीवरचा हिरवा-पिवळा पट्टा भगवा केला. कातडीचा रंग जुळवावा लागला नाही. हर्षदभाई मागून आला आणि म्हणाला, "क्या बॉडी है तेरी बहन की." मग त्याच्या लक्षात आलं की हे माझ्याशी बोलायचं वाक्य नाही, आणि तो चहा सांगायला गेला.

फ्लेक्स संध्याकाळी लावायचा ठरला होता. पण मांडववाल्याची शिडी फक्त सकाळी मोकळी होती. रविवारी सकाळी दहाला मी शिडीवर चढलो आणि माझ्या बहिणीला जिंकवलं. शर्यतीला मी गेलो नाही, कारण मला तिच्या विजयाची तयारी करायची होती.

खाली उतरून पाहिलं तर झकास दिसत होती. दत्ताराम काका तिच्या गुडघ्यापाशी होते, गोल चौकटीत, हात जोडून. मी फोटो काढला आणि जोॲनला पाठवला. खाली लिहिलं, "गाव तयार आहे. ऑल द बेस्ट."

मला वाटलं, मोबाईल बॅगेत असेल, नंतर बघेल. दहा अडतीसला दोन रेघा निळ्या झाल्या. शर्यत दहा पन्नासला होती.

दुपारी तीनपर्यंत तिचा फोन नाही. आम्हाला वाटलं, बक्षीस समारंभ असेल. गावचा बँड बोलावला होता, पाच माणसं आणि चार वाद्यं. तीन वाजून दहा मिनिटांनी बस आली. जोॲन उतरली, खांद्यावर बॅग, आणि बँड सुरू झाला. ती फ्लेक्सखाली उभी राहिली. तिला जाता आलं असतं, पण वाजवणारी सगळी ओळखीची माणसं होती, कोणी मामा, कोणी काका. तिने पूर्ण गाणं उभं राहून ऐकलं. शेवटी ट्रम्पेटवाल्याला मान हलवून थँक्यू म्हणाली.

दत्ताराम काका माळ घेऊन पुढे आले.

"काका, मी धावलेच नाही."

"बरं बरं. आधी फोटो."

"मला बाहेर काढलं."

"इकडे बघ, कॅमेऱ्याकडे."

फोटो झाला. त्यात ती माळ घालून उभी आहे, आणि तिच्या वर ती स्वतः उभी आहे, आणि मी बाजूला टाळ्या वाजवतोय. काय झालंय ते मला कळलं होतं, पण हात थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नंदकिशोर सर आले. खळ्याच्या कडेला उभे राहिले, या वेळी बूट सांभाळले नाहीत.

"बंदूक वाजायच्या आधी तिचा पाय सुटला," ते आईला म्हणाले. "एकदा सुटला की संपलं. माणूस येतो, लाल कार्ड दाखवतो, बाहेर. अपील करायला अर्धा तास असतो, पण कशावर करणार? मशीनमध्ये आलंय." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "चूक माझी आहे, ताई. लेनची यादी मोबाईलवर आली होती. मीच तिला मोबाईल दिला. तिने काहीतरी बघितलं आणि चेहराच गेला. काय बघितलं ते सांगत नाही."

आई जवळा उलटत होती. लाकडी दाताळं तसंच चालू राहिलं. "शर्यतीच्या तोंडावर कशाला देता मोबाईल?" ती म्हणाली. "एवढं शिकलेले तुम्ही."

"बरोबर आहे."

मी चार पावलांवर उभा होतो. हातात रिकामी पाटी होती. मला बोलता आलं असतं, दोन वाक्यांचं काम होतं. मी पाटी या हातातून त्या हातात घेतली. आईने सरांना चहा विचारला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. सर तसेच गेले. जोॲनने माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली पाहून खेकडे निवडायला लागली.

त्यानंतर ती मैदानावर गेली नाही. स्पाइक्स खिळ्याला अडकवले, ते तिथेच राहिले. सरांचा दोनदा निरोप आला, डिसेंबरच्या शेवटी अजून एक निवड आहे, सराव सोडू नकोस. तिने "बघते" म्हणून सांगितलं आणि पाटी उचलली. आता ती पाटी घेऊन चालायची. मागून दुसऱ्या बाया तिच्या पुढे जायच्या.

फ्लेक्स काढावा म्हणून मी दत्ताराम काकांकडे गेलो.

"आता लगेच काढला तर लोकांना शंका येईल," काका म्हणाले.

"लोकांना माहीत आहे, काका. सगळ्या एरंगळला माहीत आहे."

"एरंगळला माहीत आहे. बसमधून जाणाऱ्यांना नाही. पंधरा दिवस राहू दे."

पंधराचे वीस झाले. बसमधून जाणारी अनोळखी माणसं खिडकीतून जोॲनला ओळखायची. एक म्हातारी तर खाली उतरली, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि तिच्या हातात दोन केळी दिली. जोॲनने केळी घेतली. नाही म्हणायला बरंच काही समजावून सांगावं लागलं असतं.

विसाव्या दिवशी दुपारी पाऊस आला. सकाळपासून कडक ऊन होतं, म्हणून आईने पाठ दुखत असतानाही सगळा माल पसरला होता. साडेतीनला समुद्राच्या बाजूने आभाळ आलं, वारा थंड झाला आणि सगळ्या खळ्यांवर एकदम ओरडा उठला. बाया झाडू, पाट्या, चादरी घेऊन धावल्या. डॅडी बोटीवर होते. मी सुट्टीवर होतो. जोॲन नळावर पाट्या धूत होती. नळापासून आमच्या खळ्यापर्यंत शंभर मीटर असतील. कोणी मोजलेलं नाही, पण असतील.

"बाय! धाव गो!" आई ओरडली. "गेला सगळा! धाव!"

जोॲनने पाट्या एकात एक घातल्या, उचलल्या, आणि चालायला लागली.

ती भिजत होती. ती लंगडत नव्हती, रडत नव्हती. माणसं बाजारातून घरी येतात तशी चालत होती. आजूबाजूला साठ वर्षांच्या बाया पळत होत्या. आई हातातला खराटा तसाच धरून तिच्याकडे बघत उभी राहिली, जवळ्यावर टपोरे थेंब पडत होते, आणि ती हलेना. जवळा भिजतोय हे ती विसरली. मी माझ्या आईला हे विसरताना कधी पाहिलं नव्हतं.

झाकायला काही नव्हतं. सगळे पडलेले उमेदवार जवळ्याखाली होते. मी कोयता घेतला, बस स्टॉपकडे पळालो, खांबावर चढून दोऱ्या कापल्या. सुवर्णकन्या माझ्या अंगावर कोसळली. तिला ओढत, अडखळत आणलं आणि जवळ्यावर टाकलं. उलटी टाकायला वेळ नव्हता. ती आकाशाकडे तोंड करून पडली, वीस फूट, हात मागे फेकून, आणि तिच्या तोंडावर पाऊस पडायला लागला. शेजारची माणसं पत्र्याखाली उभी राहून बघत होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

जोॲन पोचली. पाट्या खाली ठेवल्या. दगड उचलून एकेका कोपऱ्यावर ठेवायला लागली. मी दुसऱ्या टोकाला वाऱ्याने उडणारी कड धरून बसलो होतो.

"हे माझे पाय नाहीत," ती म्हणाली. तेवढंच बोलायला तिला वीस दिवस लागले.

"माहीत आहे."

"रोशेलचे आहेत. माझ्या मोबाईलमधून घेतलेस."

"हो."

"तिथे ब्लॉकला पाय लावून बसले, आणि मला खाली माझे पाय दिसले. मला वाटलं, हे कोणाचे आहेत." तिने एक मोठा दगड रोशेलच्या मांडीवर ठेवला. "माझे का नाही लावलेस?"

"फोटो नव्हता."

"का नव्हता?"

पाऊस फ्लेक्सवर तडतडत होता. मी कड घट्ट धरून ठेवली.

"अंधेरीला काढणार होतो," मी म्हणालो.

"तू बॅनरवाला होतास तिथे," ती म्हणाली. ती चिडली नव्हती. ती आठवण करून देत होती, जसं कोणी सांगतं की छत्री बसमध्ये राहिली.

निम्मा जवळा वाचला. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर आईने बाकीच्या फ्लेक्सबरोबर हाही अंथरायला घेतला. मी म्हणालो, "हा नको." आई म्हणाली, "का? मजबूत आहे." मग जोॲननेच तो पालथा केला, स्वतःचं तोंड जमिनीकडे करून, आणि वर पाटी ओतली. दोन्ही हातांनी जवळा सारखा पसरला, कडेपर्यंत. मी दाताळं फिरवत होतो. कुठे तिचं कपाळ आहे, कुठे दत्ताराम काका आहेत, ते मला वरूनही कळत होतं.

डिसेंबरात रोशेल जगातल्या सगळ्यात वेगवान आठ बायकांत पळणार होती. पूर्वेकडच्या कुठल्याशा देशात स्पर्धा होती, म्हणून आपल्याकडे संध्याकाळचे सहा. जोॲन बघणार नाही म्हणाली होती. आईनेच मोबाईल पोत्याला टेकवून उभा केला. डॅडी घरी होते. आम्ही चौघं खळ्याच्या कडेला बसलो. ऊन उतरत होतं, आई एकीकडे फ्लेक्स झटकून घड्या घालत होती. शेवटचा आमचाच राहिला होता.

आठ बायका ब्लॉकवर बसल्या. सगळं मैदान गप्प झालं. जोॲनने डोळे मिटले.

बंदूक वाजली. कोणाचाही पाय आधी सुटला नाही. पुढे दहा पॉइंट एक्क्याऐंशी सेकंद, आणि रोशेल पिनॉक छाती पुढे टाकून, दोन्ही हात मागे फेकून, तोंड उघडं ठेवून पहिली आली. तो क्षण त्यांनी परत दाखवला, अगदी सावकाश. मग परत.

आई मोबाईलकडे बघत होती. मग तिने हातातला फ्लेक्स उलगडला. मोबाईलकडे पाहिलं. फ्लेक्सकडे पाहिलं. रोज झटकून घडी घालणारीला ते गुडघे पाठ झाले होते.

"हे पाय," ती म्हणाली.

तिने फ्लेक्सवरच्या गुडघ्यावर बोट ठेवलं.

"मर्विन, हे हिचे पाय रं."

"हो, मम्मी."

"तू घेतलेस?"

मग मी सांगितलं. पाय सांगितले, शिडी सांगितली, दहा अडतीस सांगितलं. सरांनी मोबाईल दिला, पण त्यात जे होतं ते मी पाठवलं होतं, हेही सांगितलं. अंधेरीपर्यंत मागे गेलो. तीन जागा सांगितल्या. दोन वाक्यांचं काम होतं म्हणालो होतो, त्याला बराच वेळ लागला. डॅडी समुद्राकडे बघत ऐकत होते.

आईने मला मारलं नाही. तिने फ्लेक्स मांडीवर घेतला आणि त्या चार फुटांच्या मांडीवरचे जवळ्याचे चिकटलेले कण नखाने काढायला लागली.

"बाजारात बसून तिच्या आईने एवढे पाय वाढवले," ती म्हणाली. "तिला कळलं तर ती काय म्हणेल? कोळणीच्या पोराने चोरले म्हणेल." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि माझ्या पोरीचे पाय काय कमी होते? मी नाही वाढवले?"

जोॲनने डोळे पुसले. मला वाटलं रडते, पण ती हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत. "मम्मी," ती म्हणाली, "सरांना चहा नाही दिलास तू."

"अरे देवा," आई म्हणाली. आणि तिने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळ्यावर स्पाइक्स नव्हते. आई थर्मास घेऊन जोॲनबरोबरच पहिल्या बसने सरांकडे गेली होती. मला जोॲनचा मेसेज होता. "तू येऊ नकोस." तिने त्याच्यापुढे काही चित्र वगैरे लावलं नव्हतं.

मी गेलो नाही. खळं झाडलं, जवळा पसरला, आणि मग पाटी उलटी घालून तिच्यावर कागद ठेवून हे लिहिलं.

प्रति,
मा. सचिव,
राज्य स्पर्धा संयोजन समिती

विषय : फॉल्स स्टार्ट अर्जदाराच्या नावे वर्ग करण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून नम्र निवेदन की, आपल्या स्पर्धेत महिलांच्या शंभर मीटर शर्यतीत लेन क्रमांक चारमधील खेळाडू कु. जोॲन लॉरेन्स डिमेलो हिला बंदुकीपूर्वी सुटल्याबद्दल बाद करण्यात आले. प्रत्यक्षात बंदुकीच्या पन्नास मिनिटे आधी अर्जदार एरंगळ बस स्टॉप येथे शिडीवरून सुटला होता. आपल्या मशीनची तेथपर्यंत सोय नसल्याने ही बाब नोंदली गेली नाही. अपिलाची मुदत तीस मिनिटे असल्याचे अर्जदारास ज्ञात आहे. आज एक्केचाळिसावा दिवस आहे. उशीर माफ व्हावा. अर्जदार याआधी जवळच उभा होता, परंतु बोलला नाही.

सबब विनंती की, सदर चूक अर्जदाराच्या नावे वर्ग करून अर्जदारास कायमचे बाद करावे. प्रशिक्षक श्री. नंदकिशोर यांना दोषमुक्त करावे. फ्लेक्सवरील पाय कु. रोशेल पिनॉक यांना त्यांच्या मातोश्रींच्या समक्ष, बाजाराच्या वेळेत, परत करण्याची व्यवस्था व्हावी. आणि सदर शर्यत त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच आठ खेळाडूंसह पुन्हा घेण्यात यावी.

त्या वेळी अर्जदारास पायऱ्यांवर एक जागा, खेळाडूच्या बॅगेशेजारची, देण्यात यावी व एक फोटो काढण्याची परवानगी मिळावी. बॅगेच्या वासाबद्दल कोणाची तक्रार आल्यास अर्जदार जागेवरून उठणार नाही.

कळावे,

आपला विश्वासू,
मर्विन लॉरेन्स डिमेलो
(खेळाडूचा भाऊ)